पाण्याचा हिशेब, मिठाची साक्ष

प्रस्तावना

नदीचे मॉडेल भरवशाचे आहे की नाही, हे ठरवायचे कसे? या एका प्रश्नासाठी हे पुस्तक लिहिले आहे. धरण कधी भरायचे आणि कधी सोडायचे, दोन राज्यांत पाणी कसे वाटायचे, नव्या कालव्याला मंजुरी द्यायची का, दुष्काळात कोणाचे पाणी आधी तोडायचे, हे निर्णय आज संगणकातल्या नदीला विचारून घेतले जातात. संगणकातली नदी म्हणजे समीकरणे, आकडे आणि नियम यांचा संच. पुढच्या तीस-चाळीस वर्षांचे उत्तर ती काही मिनिटांत देते. ते उत्तर खरे होते की खोटे, हे कळायला मात्र तीस-चाळीस वर्षेच जावी लागतात आणि तेवढे थांबणे कोणालाच परवडत नाही. म्हणून जी वर्षे होऊन गेली, ज्यांचे पाणी मोजून कागदावर उतरवलेले आहे, तीच वर्षे मॉडेलकडून पुन्हा घडवून घ्यायची आणि आलेले उत्तर नोंदींशी ताडून पाहायचे. हीच पडताळणी.

हे काम कष्टाचे आणि वेळखाऊ आहे. त्यात उद्घाटन नसते, नवे धरण उभे राहत नाही, वर्तमानपत्रात बातमी येत नाही. अहवालाच्या शेवटच्या परिशिष्टात त्याला दोन पाने मिळतात आणि ती फारसे कोणी उघडत नाही. माझे ठाम मत असे आहे की, नदीविषयीच्या कोणत्याही मॉडेल-अहवालात सर्वांत आधी वाचावीत अशी पाने तीच असतात. बाकीचा अहवाल किती मानायचा हे त्यांवरून ठरते.

पुस्तकासाठी मी अमेरिकेतली कोलोरॅडो नदी निवडली आहे. जगात तिच्याहून मोठ्या नद्या पुष्कळ आहेत. पण जिच्या पाण्याचा आणि पाण्यातल्या मिठाचा असा दोन्हींचा हिशेब इतकी वर्षे, इतक्या ठिकाणी आणि इतक्या भांडणांच्या दबावाखाली ठेवला गेला, अशा नद्या फार थोड्या. पडताळणी म्हणजे काय, ती कुठे फसते आणि कशी सुधारते, हे इथे नोंदींच्या आधारे दाखवता येते.

नदी आणि तिच्यावरचा करार

रॉकी पर्वतातल्या बर्फावर पोसलेली ही नदी सुमारे २,३३० किलोमीटर वाहते. वायोमिंग, कोलोरॅडो, युटा, न्यू मेक्सिको, नेवाडा, अ‍ॅरिझोना आणि कॅलिफोर्निया ही सात राज्ये तिच्या पाण्यावर हक्क सांगतात आणि शेवटचा टप्पा मेक्सिकोत आहे. खोऱ्याचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक. पाणी मात्र बेताचे. विसाव्या शतकातली सरासरी धरली तर वर्षाला साधारण दीड कोटी एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एका एकरावर फूटभर उभे पाणी), म्हणजे आपल्या मापात सुमारे ६५० टीएमसी. कृष्णेचे खोरे याच्या निम्म्याहूनही लहान, तरी बच्छावत लवादाने तिचे ७५ टक्के भरवशाचे पाणी २,०६० टीएमसी धरले होते. यावरून कोलोरॅडोच्या खोऱ्यातल्या टंचाईची कल्पना यावी. एवढ्या पाण्यावर आज सुमारे चार कोटी लोक अवलंबून आहेत. नदी समुद्रापर्यंत क्वचितच पोहोचते.

२४ नोव्हेंबर १९२२ रोजी सांता फे इथे या नदीचा करार झाला. बैठकांचे अध्यक्ष होते हर्बर्ट हूवर, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. वरच्या खोऱ्याला ७५ लाख एकर-फूट आणि खालच्या खोऱ्याला ७५ लाख, म्हणजे प्रत्येकी सुमारे ३२७ टीएमसी, अशी वाटणी झाली. १९४४च्या तहाने मेक्सिकोला आणखी १५ लाख एकर-फूट, म्हणजे सुमारे ६५ टीएमसी, देण्याचे ठरले. बेरीज केली तर वाटप झाले ७१९ टीएमसीच्या घरात. करार करणाऱ्यांसमोर जे आकडे होते त्यांत नदीला एवढे पाणी दिसत होते, कारण ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ओल्या वर्षांचे होते. नदीत पाणी कमी आहे असा इशारा अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतल्या ई. सी. लारू यांनी त्याच काळात दिला होता. त्याच्याकडे दुर्लक्ष झाले.

१९७६ मध्ये चार्ल्स स्टॉकटन आणि गॉर्डन जेकोबी यांनी जुन्या झाडांच्या खोडांतली वर्षवलये मोजून नदीचा काही शतकांचा प्रवाह उभा केला. दीर्घ काळाची सरासरी त्यांना सुमारे १ कोटी ३५ लाख एकर-फूट आढळली, म्हणजे ५९० टीएमसीच्या आसपास. विसाव्या शतकाची पहिली दोन दशके त्या दीर्घ इतिहासात असाधारण ओली ठरली. थोडक्या वर्षांची नोंद म्हणजेच नदीचा स्वभाव असे मानल्याने कायम तुटीत चालणारा करार जन्माला आला. २००० सालापासूनचे पाणी तर या सरासरीच्याही खाली आहे आणि ऑगस्ट २०२१ मध्ये खालच्या खोऱ्यासाठी पहिल्यांदाच अधिकृत टंचाई जाहीर करावी लागली.

मीठ येते कुठून

उगमाजवळ कोलोरॅडोच्या पाण्यात लिटरमागे साधारण पन्नास मिलिग्रॅम क्षार असतात. मेक्सिकोच्या सीमेजवळच्या इंपीरियल धरणापर्यंत येता येता ते सातशे-आठशेच्या घरात जातात. आपण पाण्याचा ‘टीडीएस’ म्हणतो तोच हा आकडा. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी ५०० ही स्वीकारार्ह मर्यादा आहे, यावरून तुलना करता येईल.

वाटेत नदीला मीठ मिळते ते मुख्यतः खडकांतून. या प्रदेशात कधीकाळी समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेल्या चिखलाचा झालेला मॅन्कॉस शेल हा खडक खोऱ्याच्या मोठ्या भागात पसरलेला आहे आणि पाणी त्यातून झिरपले की क्षार घेऊनच बाहेर येते. ग्लेनवूड स्प्रिंग्ज परिसरातले गरम पाण्याचे झरे एकटेच वर्षाला चार लाख टनांहून अधिक मीठ नदीत ओततात. शेतीला दिलेले जादा पाणी याच खडकातून खाली उतरते आणि खारे होऊन नदीला परत मिळते. मोठ्या जलाशयांवरून पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९७१ मध्ये केलेल्या हिशेबानुसार नदीतल्या क्षारतेपैकी ४७ टक्के निसर्गाची, ३७ टक्के सिंचनाची, १२ टक्के जलाशयांच्या बाष्पीभवनाची आणि ४ टक्के शहरे व उद्योगांची देणगी होती.

या मिठाने १९६१ मध्ये दोन देशांत तंटा उभा केला. अ‍ॅरिझोनातल्या वेल्टन-मोहॉक भागात शेतजमिनी पाणथळ झाल्या होत्या. तिथले अतिशय खारे भूजल पंपांनी उपसून हिला नदीवाटे कोलोरॅडोत सोडायला सुरुवात झाली. मेक्सिकोला मिळणाऱ्या पाण्याची क्षारता आठशेच्या आसपासवरून दीड हजाराच्या घरात गेली. मेक्सिकाली खोऱ्यातल्या शेतकऱ्यांची पिके हातची जाऊ लागली. तहात पाण्याचे माप लिहिले होते, पाण्याच्या गोडीबद्दल एक शब्दही नव्हता. हा वाद बारा वर्षे चालला. ३० ऑगस्ट १९७३ च्या ‘मिनिट २४२’ या समझोत्यात असे ठरले की, मेक्सिकोला दिल्या जाणाऱ्या पाण्याची वार्षिक सरासरी क्षारता इंपीरियल धरणापेक्षा ११५ पीपीएमहून (म्हणजे साधारण लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम; तीस कमी-जास्त) अधिक असू नये. पुढच्याच वर्षी क्षारता नियंत्रणाचा कायदा झाला. १९७५ मध्ये तीन ठिकाणांसाठी मर्यादा ठरल्या: हूवर धरणाखाली लिटरमागे ७२३ मिलिग्रॅम, पार्कर धरणाखाली ७४७ आणि इंपीरियल धरणाशी ८७९.

एकदा अशी मर्यादा ठरली की पुढचा प्रश्न ओघाने येतो. वरच्या खोऱ्यात नवे प्रकल्प झाले, शहरे वाढली, दोन-चार दुष्काळी वर्षे लागोपाठ आली, तर वीस वर्षांनी इंपीरियल धरणाशी आकडा किती असेल? कालव्यांना अस्तर घालायचे, झऱ्यांचे पाणी वळवायचे की शेतकऱ्यांना तुषार सिंचनासाठी मदत करायची? पॅराडॉक्स खोऱ्यात तर समुद्राच्या सातपट खारे पाणी डोलोरेस या उपनदीत जाऊ नये म्हणून ते जमिनीखाली जवळपास पाच किलोमीटर खोल दाबले जात होते. त्यातून वर्षाला सुमारे एक लाख टन मीठ अडवले जाई. त्या दाबाने छोटे भूकंप होत राहिले आणि मार्च २०१९ मध्ये ४.५ क्षमतेचा धक्का बसल्यावर ते काम काही काळ थांबवावे लागले. असे महागडे आणि जोखमीचे उपाय किती करायचे, कधी करायचे, हे मॉडेलच्या अंदाजावर ठरते. मॉडेल मीठ वाढवून दाखवत असेल तर लोकांचा पैसा नको तिथे जातो. कमी दाखवत असेल तर त्याची किंमत युमा आणि मेक्सिकालीचा शेतकरी चुकवतो.

पडताळणी कशी चालते

या नदीसाठी अमेरिकेच्या ‘ब्यूरो ऑफ रेक्लमेशन’ या खात्याने १९७०च्या दशकापासून एक मॉडेल विकसित केले. त्याचे नाव ‘कोलोरॅडो रिव्हर सिम्युलेशन सिस्टिम’. सुरुवातीला ते फोर्ट्रान भाषेत होते. १९९०च्या दशकात ते कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या केंद्राने तयार केलेल्या ‘रिव्हरवेअर’ या प्रणालीवर नेण्यात आले. ते महिन्याच्या टप्प्याने चालते. खोऱ्यातल्या २९ ठिकाणी ‘नैसर्गिक प्रवाह’ त्यात घातला जातो आणि त्यावर धरणे, कालवे, शहरे व शेती यांचे नियम चालवले जातात.

नैसर्गिक प्रवाह म्हणजे माणसाने नदीला हात लावला नसता तर वाहिले असते ते पाणी. ते कुठेही मोजता येत नाही, गणिताने काढावे लागते. सरितामापन केंद्रावर मोजलेल्या पाण्यात वरच्या भागात उचललेले आणि परत न आलेले पाणी मिळवायचे, खोऱ्याबाहेर वळवलेले पाणी मिळवायचे, जलाशयात साठा वाढला असेल तर तो मिळवायचा, घटला असेल तर वजा करायचा, बाष्पीभवन धरायचे. १९०६ पासूनची अशी मालिका आज उपलब्ध आहे. मात्र वरच्या आणि खालच्या खोऱ्यांच्या सीमेजवळच्या लीज फेरी इथले मुख्य केंद्र सुरू झाले १९२१ मध्ये. त्याआधीचे आकडे इतर केंद्रांवरून अंदाजाने भरलेले आहेत.

पडताळणीची पहिली फेरी साधी असते. होऊन गेलेल्या वर्षांचा नैसर्गिक प्रवाह, त्या वर्षांत प्रत्यक्षात झालेला उपसा आणि धरणांतून प्रत्यक्षात सोडलेला विसर्ग असे सगळे मॉडेलमध्ये घालायचे आणि प्रत्येक केंद्रावर नोंदीएवढेच पाणी येते का ते पाहायचे. इथे फरक पडला तर मॉडेलच्या जोडणीतच दोष आहे असे समजावे: एखादा कालवा चुकीच्या ठिकाणी जोडला गेला आहे, एखाद्या महिन्याचे एकक चुकले आहे. दुसऱ्या फेरीत धरणांचा प्रत्यक्ष विसर्ग काढून घेतात आणि धरणे मॉडेलच्या नियमांनी चालू देतात. आता खरी परीक्षा सुरू होते. नियम कागदावर जसे आहेत तसेच माणसे वागली का, हेही यात उघड होते. तिसऱ्या फेरीत मीठ येते.

यात एक फसवी गोष्ट आहे आणि ती वाचकाने नीट लक्षात घ्यावी. नैसर्गिक प्रवाह ज्या नोंदींवरून काढला, त्याच नोंदींशी मॉडेलचे उत्तर ताडले तर ते जुळणारच. उपसा मिळवून जो आकडा काढला, त्यातून तोच उपसा वजा केला की मूळ आकडा परत मिळतो. अशा जुळणीतून मॉडेलची अंतर्गत बेरीज-वजाबाकी बरोबर असल्याचे कळते, त्यापलीकडे काही सिद्ध होत नाही. मॉडेल जुळवून घ्यायची वर्षे वेगळी आणि तपासायची वर्षे वेगळी ठेवली, तरच पडताळणीला अर्थ येतो.

मीठ इथेच उपयोगी पडते. एक लहानसे उदाहरण घेऊ. एका जलाशयात १०० एकक पाणी आले आणि त्याची क्षारता ६०० आहे. त्यातले १० एकक पाणी उन्हाने उडून गेले. खाली ९० एकक गेले, आणि मीठ सगळे तसेच राहिल्याने क्षारता झाली ६६७. आता समजा, मॉडेलने बाष्पीभवन ५ एककच धरले आणि उरलेले ५ एकक कालव्यातून उचलले गेले असे दाखवले. खाली पुन्हा ९० एककच जातात. प्रवाहाच्या नोंदीशी मॉडेल तंतोतंत जुळते. पण कालव्यात गेलेले पाणी आपले मीठ सोबत घेऊन गेले, त्यामुळे मॉडेलची क्षारता येते ६३२. दोन चुकांनी एकमेकींना झाकले होते आणि पाण्याचा हिशेब ती लबाडी पकडू शकला नाही. मिठाच्या हिशेबाने ती उघडी पाडली. म्हणून या पुस्तकाच्या शीर्षकात मिठाला साक्षीदार म्हटले आहे.

हीच गोष्ट ‘हिशेबात न बसणाऱ्या’ पाण्याची. दोन केंद्रांच्या मध्ये पाणी वाढलेले दिसले की मॉडेलकर्ता तेवढी आवक तिथे घालतो आणि प्रवाह जुळवतो. ते पाणी डोंगरातल्या गोड ओढ्याचे आहे की शेताखालून निथरलेले खारे, हे प्रवाहाचा आकडा सांगत नाही. क्षारतेची नोंद सांगते.

चूक किती आणि कोणत्या बाजूला

मीठ मॉडेलमध्ये आणणे सोपे नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी बर्फ वितळून नदी फुगते तेव्हा पाणी गोड असते, हिवाळ्यात ती रोडावते तेव्हा भूजलाचा वाटा वाढून पाणी खारट होते. प्रवाह दुप्पट झाला म्हणून मीठ दुप्पट होत नाही. म्हणून प्रवाहावरून मिठाचा अंदाज करणारी समीकरणे लागतात. भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९८८ मध्ये वरच्या खोऱ्यासाठी अशी समीकरणे दिली आणि मॉडेल त्यांवर चालू लागले.

पुढे जेम्स प्रेअरी, बालाजी राजगोपालन, टेरी फल्प आणि एडिथ झगोना यांनी मॉडेलचे निकाल जुन्या नोंदींशी बारकाईने ताडले. त्यांना दिसले की, जुन्या समीकरणांतून निघणारे मीठ प्रत्यक्षापेक्षा सातत्याने जास्त येते. कधी जास्त, कधी कमी असे होत असते तर दीर्घ काळात ते एकमेकांत जिरले असते. एकाच बाजूला झुकणारी चूक मात्र दर वर्षी साठत जाते आणि मोठ्या जलाशयात तर ती वर्षानुवर्षे मुक्काम करते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात त्यांनी वेगळी पद्धत मांडली. सगळ्या वर्षांवरून एकच रेषा ओढण्याऐवजी, ज्या वर्षी प्रवाह साधारण तेवढाच होता अशा शेजारच्या वर्षांकडे पाहायचे आणि त्यांवरून मिठाचा अंदाज व त्या अंदाजाचा पल्ला दोन्ही काढायचे. एका आकड्याऐवजी पल्ला देणे मला अधिक प्रामाणिक वाटते. निर्णय घेणाऱ्याला त्यातून किमान एवढे कळते की, आपण किती अंधारात पाऊल टाकतो आहोत.

पडताळणीत सरासरी जुळली एवढ्यावर समाधान मानणे धोक्याचे असते. कोलोरॅडोच्या इतिहासात १९७७ आणि २००२ ही कमालीची कोरडी वर्षे आहेत. १९८३ आणि १९८४ मध्ये प्रचंड पाणी आले; १९८३ मध्ये तर ग्लेन कॅन्यन धरणाच्या सांडव्याच्या बोगद्यांत पोकळीजन्य झिजेने खोल खड्डे पडले. त्यानंतरच्या काही वर्षांत खालच्या नदीची क्षारताही चांगलीच उतरली. चांगले मॉडेल या चारही वर्षांत तपासावे लागते, कारण माणसाला मॉडेलची गरज पडते ती अशाच वर्षांत. मधल्या, सुखाच्या वर्षांत अंदाज सगळ्यांचेच बरोबर येतात.

जलाशयांचा आणखी एक पेच आहे. मॉडेल असे धरते की, जलाशयात आलेले पाणी पूर्ण मिसळते. प्रत्यक्षात ग्लेन कॅन्यन धरणामागच्या पॉवेल जलाशयात हिवाळ्याचे थंड, खारे पाणी खाली दडी मारते आणि उन्हाळ्याचे गोडे पाणी त्याच्यावरून सरकते. विद्युतगृहाकडे जाणारे पाणी ठरावीक खोलीवरून उचलले जाते. त्यामुळे वर्षाच्या सरासरीत जुळणारे मॉडेल महिन्याच्या आकड्यांत चुकू शकते. याला मॉडेलचे अपयश म्हणू नये. त्याची हद्द म्हणावे, आणि ती हद्द अहवालात स्पष्ट लिहावी. वार्षिक मर्यादा तपासण्यासाठी जे मॉडेल योग्य आहे, तेच एखाद्या महिन्यात शेतकऱ्याच्या पाटाला कसे पाणी येईल हे सांगायला वापरले तर दोष वापरणाऱ्याचा.

नोंदींचीही पडताळणी

मॉडेल नोंदीशी जुळले नाही तर चूक मॉडेलचीच, असे गृहीत धरण्याची सवय आहे. नोंदीही माणसांनीच केलेल्या असतात. प्रवाह दर क्षणाला मोजला जात नाही. पाण्याची पातळी मोजतात आणि आधी तयार केलेल्या वक्रावरून तिचे प्रवाहात रूपांतर करतात. पुरात नदीचा तळ बदलला की तो वक्र जुना होतो. क्षारतेचे जुने आकडे नमुने गोळा करून प्रयोगशाळेत तपासलेले आहेत, नंतरचे बहुतांशी पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून काढलेले. दोन्ही पद्धतींच्या नोंदी एकाच रांगेत मांडल्या की सांधा दिसतोच.

नोंदीच्या पाठीमागची नदीही बदलते. ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे १९६३ मध्ये बंद झाले आणि पॉवेल जलाशय पहिल्यांदा पूर्ण भरला १९८० मध्ये. त्या सतरा वर्षांत पाणी काठच्या वालुकाश्मात मुरत होते, खडकातले क्षार पाण्यात येत होते, काही चुना तळाशी साचत होता. त्या काळातल्या खालच्या नदीच्या नोंदी म्हणजे भरणाऱ्या धरणाच्या नोंदी आहेत. त्यांवर बेतलेले मॉडेल भरलेल्या धरणाच्या काळाला जसेच्या तसे लावता येत नाही. आज त्याच जलाशयाची पातळी खाली गेली आहे, म्हणजे परिस्थिती पुन्हा बदलली आहे.

करारातले मोजण्याचे ठिकाण आणि मोजमापाचे केंद्र हेही एक नाहीत. कराराचे ठिकाण परिया नदीच्या संगमाखाली मैलभर आहे, लीज फेरीचे केंद्र संगमाच्या वर. म्हणून दोन केंद्रांचे आकडे मिळवूनच कराराचा आकडा मिळतो. अशा बारीकसारीक गोष्टींची जाण ज्याला नाही, त्याने मॉडेल कितीही सुबक बनवले तरी त्याची पडताळणी पोकळच राहते.

आपल्याकडे याचा संबंध काय

हे पुस्तक मराठीत लिहिण्याचे कारण उघड आहे. आपल्या नद्यांचे वाटपही जुन्या नोंदींवरच झाले आहे. कृष्णेच्या पहिल्या, म्हणजे बच्छावत लवादाने १८९४-९५ ते १९७१-७२ या ७८ वर्षांची मालिका धरून २,०६० टीएमसीचा आकडा काढला आणि त्यातले ५६० महाराष्ट्राला, ७०० कर्नाटकाला व ८०० आंध्र प्रदेशाला दिले. दुसऱ्या लवादाने १९६१ पासूनच्या ४७ वर्षांची मालिका घेतली आणि पाण्याचे आकडे बदलले. कोणती वर्षे धरायची, हा तांत्रिक वाटणारा प्रश्न लाखो एकरांचे भवितव्य ठरवतो. २०१९ च्या महापुरानंतर अलमट्टीच्या फुगवट्यावर जो वाद चालू आहे, त्यातही गणिती मॉडेलांचे निष्कर्ष पुढे केले जातात.

मिठाचा प्रश्नही दूरचा नाही. शिरोळ, मिरज, वाळवा या तालुक्यांत उसाला वर्षानुवर्षे जादा पाणी दिल्याने हजारो एकर जमीन क्षारपड झाली आहे. ती सुधारण्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा केला जातो. हे काम चांगले आहे आणि व्हायलाच हवे. पण निचऱ्याचे खारे पाणी ओढ्यांवाटे अखेर नदीतच उतरते, आणि खालच्या गावाला तेच प्यावे लागते. वेल्टन-मोहॉकमध्ये नेमके हेच घडले होते. तेव्हा कृष्णा-पंचगंगेच्या मॉडेलांत पाण्याबरोबर क्षारही मोजले जावेत, अशी मागणी आजच करायला हवी. केंद्रीय जल आयोग आपल्या अनेक केंद्रांवर प्रवाहाबरोबर पाण्याची गुणवत्ता तपासतो, राज्याच्या केंद्रांच्या नोंदीही आहेत. त्या एकत्र आणून मॉडेलपुढे ठेवायच्या आहेत.

या पुस्तकाबद्दल

पुढच्या प्रकरणांचा क्रम असा आहे. आधी नदी आणि करार, मग नोंदी कशा घेतल्या गेल्या, मग नैसर्गिक प्रवाह आणि नैसर्गिक मीठ काढण्याच्या पद्धती, मग मॉडेलची रचना, आणि त्यानंतर पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग, म्हणजे नोंदींशी केलेली तुलना. गणित जिथे टाळता आले नाही तिथे ते आकड्यांच्या उदाहरणांसह दिले आहे. बेरीज, वजाबाकी, भागाकार आणि सरासरी एवढे येत असले की पुस्तक समजेल. एकर-फुटांचे आकडे शक्य तिथे टीएमसीत दिले आहेत. दहा लाख एकर-फूट म्हणजे ४३.५६ टीएमसी, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

जलसंपदा खात्यातले अभियंते, कृषी आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी, पाणीवापर संस्थांचे पदाधिकारी आणि पाण्याविषयी लिहिणारे पत्रकार हे वाचक माझ्या डोळ्यांसमोर आहेत. यापुढे नदीविषयी मॉडेलचा कोणताही निष्कर्ष तुमच्यासमोर आला, तर ते मॉडेल कोणत्या वर्षांशी ताडून पाहिले, त्यांत दुष्काळाची आणि महापुराची वर्षे होती का, चूक एकाच बाजूला झुकत होती का, आणि तुलनेचे आकडे कोणालाही पाहता येतील असे खुले आहेत का, हे जरूर विचारा. उत्तर मिळेपर्यंत त्या निष्कर्षावर कोणाचेही पाणी तोडले जाऊ देऊ नका.